दोन संगणकांमधली तार : खान्देशातल्या साडेतीन दशकांचा मागोवा

दोन संगणक मध्ये हब, स्विच किंवा राउटर न ठेवता एकाच तारेने जोडणे, ही नेटवर्कची सर्वात छोटी रचना. तिच्यात बिघडण्यासारखे फार काही नसते : दोन यंत्रे, दोन पोर्ट, एक केबल आणि दोन्हीकडची सेटिंग. तरीही ही जोडणी अडली की अर्धा दिवस खाते, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे दोन्ही पडद्यांवर दिसत नाही. पडद्यावर दिसते ते एवढेच की समोरचा संगणक सापडत नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अशा जोडणीला भरपूर वाव होता. इथला संगणक रुजला तो डाळ मिलच्या ऑफिसात, जिनिंग फॅक्टरीच्या वजनकाट्यावर, सराफी पेढीवर, केळीच्या व्यापाऱ्याकडे, सनदी लेखापालाच्या दोन खोल्यांत आणि छापखान्यात. अशा ठिकाणी यंत्रे बहुधा दोनच असत. एक हिशेबनिसापुढे आणि दुसरे मालकाच्या केबिनमध्ये, किंवा एकावर मजकूर जुळवायचा आणि दुसऱ्यावरून प्रूफ काढायचे. दोघांसाठी वेगळा सर्व्हर घेणे परवडणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. एक तार टाकली की भागत असे. ती तार का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र दर पाच-सात वर्षांनी बदलत गेले. त्या बदलांचा हा मागोवा.

फ्लॉपी आणि सिरीयल तार

बांभोरी आणि धुळे इथली अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ सालची. त्या काळी खान्देशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. संगणक हाताळणारी पहिली स्थानिक पिढी याच सुमारास तयार होऊ लागली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या उपग्रह जाळ्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातला संगणक दिल्लीशी बोलू लागला होता. पण एका टेबलावरची फाइल शेजारच्या टेबलावर न्यायची तर फ्लॉपीच लागे. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत न मावणारी फाइल तुकडे करून न्यावी लागे, आणि चौथ्या-पाचव्या फ्लॉपीला खराब सेक्टर निघाला की सगळे काम पहिल्यापासून.

यावर पहिला उपाय सिरीयल पोर्टचा होता. या पोर्टचा आरएस-२३२ हा संकेत १९६० सालचा, मुळात संगणक आणि मोडेम जोडण्यासाठी ठरवलेला. दोन संगणक थेट जोडायचे तर एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेवर न्यावी लागते. अशा उलटसुलट तारेला ‘नल मोडेम’ केबल म्हणत. दोन्हीकडे ९ पिनांचे पोर्ट असतील तर २ नंबरची पिन ३ ला, ३ नंबरची २ ला आणि ५ नंबरची ५ ला जोडायची. पण एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला २५ पिनांचे पोर्ट असेल तर हा हिशेब उलटतो. २५ पिनांच्या पोर्टवर २ नंबरची पिन पाठवणारी आणि ३ नंबरची घेणारी असते, म्हणून तिथे २ ला २ आणि ३ ला ३ अशी सरळ जोडणी करावी लागते. जमिनीची तार ५ वरून ७ वर जाते. पहिला नियम पाठ करून दुसऱ्या प्रकारची केबल डागणाऱ्याची तार दिसायला निर्दोष असे आणि चालत मात्र नसे.

१९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६ बरोबर ‘इंटरलिंक’ आणि ‘इंटरसर्व्हर’ ही जोडगोळी मिळू लागली. एका संगणकावर इंटरसर्व्हर चालवायचा आणि तो तसाच सोडून द्यायचा. दुसऱ्यावर त्याच्या डिस्क नव्या ड्राइव्हच्या अक्षराने दिसत. जोपर्यंत नक्कल चालू तोपर्यंत पहिला संगणक दुसरे काही करू शकत नसे. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने एका फ्लॉपीएवढा मजकूर दोन मिनिटांच्या आसपास जाई. हाच वेग ९,६०० वर राहिला तर पंचवीस मिनिटे लागत. त्यामुळे ‘फार हळू चालते’ या तक्रारीचे मूळ केबलमध्ये न शोधता आधी वेगाच्या आकड्यात शोधावे लागे. माऊससुद्धा सिरीयल पोर्टवरच लागत असल्याने रिकामा पोर्ट नेमका कोणता, हाही शोधाचा भाग असे.

समांतर म्हणजे प्रिंटरच्या पोर्टवरून जाणारी केबल याहून वेगवान होती. मात्र मराठी जुळणीच्या ऑफिसात त्या पोर्टवर आधीच प्रिंटर आणि फॉन्टच्या पॅकेजबरोबर आलेले हार्डवेअर लॉक बसलेले असे. केबल लावायला लॉक काढले की मराठी बंद, आणि लॉक लावले की केबलला जागा नाही.

सिरीयल तार ऑफिसातून गेली, पण वजनकाट्यावर टिकली. काट्याच्या डिजिटल इंडिकेटरमधून संगणकात वजन घेण्यासाठी आजही अनेक ठिकाणी हीच तार आहे, आणि तिच्या तक्रारीही त्याच : आकडा येत नाही, किंवा येतो तो अगम्य चिन्हांत. पहिल्या तक्रारीत पिना तपासायच्या, दुसरीत दोन्हीकडचा वेग जुळतो का ते पाहायचे.

अर्थिंगचा प्रश्न

या काळातला एक बिघाड पुस्तकांत क्वचित सापडे. तार जोडताना ठिणगी पडे आणि पोर्ट कायमचा जाई. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेचा गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट नसेल तर त्यांच्यामुळे लोखंडी कॅबिनेटवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा दाब उतरतो. प्रवाह अगदी थोडा, त्यामुळे हाताला फक्त मुंग्या येतात. सिरीयल केबलच्या जमिनीच्या तारेने मात्र दोन कॅबिनेट थेट जोडली जातात, आणि यंत्रे वेगवेगळ्या फेजवर असतील किंवा दोहोंपैकी एकच यूपीएसवर असेल तर त्यांच्यामधला दाबाचा फरक त्या तारेतून वाट काढतो.

खान्देशात याला हवामानाची जोड होती. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, जमीन खोलवर सुकते आणि मीठ-कोळसा भरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क सैल होतो. हिवाळ्यात ठीक चाललेली जोडणी उन्हाळ्यात पोर्ट जाळते, याचे कारण संगणकात नसून खड्ड्यात असे. उपाय साधा होता. खड्ड्यात पाणी टाकायचे, दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यायची आणि केबल दोन्ही संगणक बंद करून लावायची. पुढे आलेल्या आरजे-४५ च्या तारेत हा धोका बराच कमी झाला, कारण नेटवर्क कार्डावरचे छोटे ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवतात. तरी पहिल्या पावसातल्या विजेपुढे तेही टिकत नाहीत. ऑफिसातून गोदामाकडे उघड्यावरून नेलेली केबल असेल तर दोन्ही टोकांची कार्डे एकदमच जातात.

गोल केबल, टी आणि टोपी

१९९३ च्या अखेरीस ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११’ आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ आले, तसे फाइल आणि प्रिंटर वाटून घेणे विंडोजमध्येच मिळू लागले. नेटवर्क कार्डे मात्र वेगळी घ्यावी लागत. सुरुवातीची जोडणी काळ्या गोल कोअॅक्सियल केबलने होई. प्रत्येक कार्डाला टी आकाराचा जोड, दोन टींच्या मध्ये केबल आणि मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे बोलीभाषेत टोपी. एका तुकड्याची लांबी १८५ मीटरपर्यंत चाले.

इथला सर्वात मोठा गोंधळ केबलचा होता. त्याच वर्षांत गल्लोगल्ली केबल टीव्ही पसरत होता आणि त्याची वायर दिसायला अगदी नेटवर्कच्या वायरीसारखी. टीव्हीची वायर ७५ ओहमची आणि नेटवर्कला लागणारी आरजी-५८ ही ५० ओहमची. टीव्हीची वायर लावली तर जोडणी थोड्या अंतरावर चालल्यासारखी भासे आणि मोठी फाइल मध्येच तुटे. तपासणीला मल्टिमीटर पुरत असे. दोन्ही टोप्या लावून टीच्या मोकळ्या तोंडाशी रोध मोजला तर २५ ओहमच्या आसपास यावा. ५० आला तर एक टोपी किंवा एका बाजूची केबल तुटलेली; शून्य आला तर आतली तार जाळीला चिकटलेली. सगळ्या जोडणीचे निदान एका आकड्यात होई, हे पुढच्या कोणत्याच तंत्रात इतके सोपे राहिले नाही.

केबल बरोबर असूनही संगणक दिसत नसेल तर संशय कार्डावर जाई. एनई-२००० जातीच्या कार्डांना आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची ओळ, आणि पोर्टचा पत्ता जंपरने किंवा डॉसमधल्या छोट्या प्रोग्रामने ठरवून द्यावा लागे. कार्ड बहुधा ३ नंबरच्या आयआरक्यूवर येई, जो दुसऱ्या सिरीयल पोर्टचाही असे. ५ वर न्यावे तर तिथे साउंड कार्ड. गाणे वाजवले की नेटवर्क बंद पडते, ही तक्रार त्या काळी खरी असे. शतक सरता सरता पीसीआयची स्वस्त कार्डे आली आणि बिघाडांचा हा अख्खा वर्ग संपला.

क्रॉस केबल

नव्या कार्डांबरोबर आठ तारांची केबल आणि आरजे-४५ चा पारदर्शक कनेक्टर आला. दोन संगणक थेट जोडण्यासाठी लागणाऱ्या तिच्या रूपाला जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत एकच नाव होते : क्रॉस केबल. पॉलिटेक्निकच्या प्रात्यक्षिकांतही सरळ आणि क्रॉस केबल तयार करणे हे नेटवर्क विषयातले नेमाचे काम झाले.

केबलचे बाहेरचे आवरण दीड-दोन सेंटीमीटर सोलायचे, चार जोड्यांचा पीळ लागेल तेवढाच सोडायचा, आठ तारा बोटांनी सरळ करून क्रमाने धरायच्या, टोके एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायची आणि क्रिम्पिंग टूल दाबायचे. एका टोकाचा क्रम असा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला नारिंगी आणि हिरवी या जोड्यांच्या जागा बदलायच्या. त्यामुळे १ नंबर ३ वर आणि २ नंबर ६ वर जातो, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानावर. सेकंदाला १० किंवा १०० मेगाबिट वेगाला या चारच तारा लागत. निळ्या आणि तपकिरी जोड्या नुसत्या सोबतीला.

टेस्टरवर क्रॉस केबल ओळखता येते. एका बाजूला १ चा दिवा लागतो तेव्हा दुसऱ्या बाजूला ३ चा लागला पाहिजे. पण टेस्टर एक चूक पकडत नाही. नवशिका कारागीर रंगांच्या जोड्या ओळीने लावतो : १-२ नारिंगी, ३-४ हिरवी, ५-६ निळी, ७-८ तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवला तर सरळ केबल म्हणून टेस्टरचे सगळे दिवे ओळीने लागतात. मात्र ३ आणि ६ या तारा दोन वेगळ्या पिळांत पडतात, एकमेकींचा गोंगाट कापत नाहीत, आणि केबल लांब असली की जोडणी सतत तुटत-जुळत राहते. पिळाची जोडी ३ आणि ६ वर एकत्र ठेवणे, हा त्या विचित्र वाटणाऱ्या क्रमामागचा अर्थ.

क्रॉस केबलची गरज संपवणारी सोय एचपी कंपनीतल्या अभियंत्यांनी काढली. कोणती जोडी बोलणारी आणि कोणती ऐकणारी हे पोर्ट स्वतः ओळखून बदलतो, त्याला ऑटो-एमडीआयएक्स म्हणतात. १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या गिगाबिट इथरनेटबरोबर ती सर्वसामान्य झाली. दोहोंपैकी एका पोर्टलाही ही सोय असली तरी कोणतीही केबल चालते. जुन्या दोन यंत्रांमध्ये मात्र क्रॉसच हवी.

गिगाबिटला आठही तारा लागतात. उंदराने तपकिरी जोडी कुरतडली तरी नेटवर्क बंद पडत नाही. बहुधा दोन्ही कार्डे गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. खूण अशी की मोठी फाइल सेकंदाला शंभरावर मेगाबाइटने जायची ती अकराच्या आसपास अडकते. धान्याच्या गोदामात आणि सरकीच्या ढिगाऱ्याशेजारी हा बिघाड नवा नाही.

भाषा आणि पत्ता

पोर्टचा दिवा लागला म्हणजे तार जुळली, एवढेच सिद्ध होते. दोन्ही यंत्रांची नेटवर्कची भाषा एक हवी. विंडोज ९५ आणि ९८ वर अनेकांनी नेटब्युई लावलेला असे, कारण त्याला पत्ता द्यावा लागत नसे; नाव दिले की पुरे. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि त्यात नेटब्युई आपोआप बसेना. तो सीडीच्या एका कोपऱ्यातल्या फोल्डरमधून वेगळा घ्यावा लागे. जुना ९८ चा संगणक फक्त नेटब्युई बोले, नवा एक्सपी फक्त टीसीपी/आयपी. केबल, कार्ड, दिवे सगळे ठीक, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. वेगवेगळ्या पिढ्यांचे दोन संगणक जोडताना येणाऱ्या अडचणींचा हा पहिला मोठा नमुना.

टीसीपी/आयपी सर्वत्र झाल्यावर पत्त्याचा प्रश्न पुढे आला. थेट जोडणीत पत्ते वाटणारा राउटर नसतो. अशा वेळी विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. दोन्हीकडे असाच पत्ता असेल तर जोडणी चालतेही. घोळ होतो तो एकाला हाताने १९२.१६८.०.१ दिला आणि दुसरा आपोआपवर राहिला तर. दोन पत्ते दोन वेगळ्या गावांचे ठरतात आणि मध्ये रस्ता नसतो. एकाला १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२ आणि दोघांनाही २५५.२५५.२५५.० हा मास्क, हे सूत्र म्हणून सर्वमान्य झाले. ते रुजण्याला आणखी एक कारण होते. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीतली इंटरनेट वाटून घेण्याची सोय मुख्य संगणकाला १९२.१६८.०.१ हाच पत्ता देत असे, आणि एका डायल-अपवर दोन संगणक चालवणे ही त्या काळची गरज होती.

२००२ पासून एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत उघडली. संगणक चालवता येणाऱ्यांची संख्या वाढली, तसे पत्ता तपासून ‘पिंग’ करून, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का ते, पाहणारेही दुरुस्तीच्या दुकानाबाहेर सापडू लागले.

भिंत आणि कोरा पासवर्ड

ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तिच्यामुळे पिंगला उत्तर येणे थांबले. तोवर पिंगचे उत्तर आले नाही याचा अर्थ तार किंवा पत्ता चुकला असा सरळ लावला जाई. आता तार आणि पत्ता बरोबर असूनही उत्तर येईना, आणि चांगल्या केबली कापून पुन्हा क्रिम्प केल्या जाऊ लागल्या.

यातून वाट काढणारी एक चाचणी आहे. पिंग करून लगेच कमांडच्या काळ्या खिडकीत ‘एआरपी -ए’ ही आज्ञा द्यावी. समोरच्या पत्त्यापुढे त्याच्या कार्डाचा बारा अंकी-अक्षरी क्रमांक दिसला तर तार आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत आणि अडवणूक फायरवॉलची आहे. क्रमांक दिसला नाही तर खाली, म्हणजे केबलकडे आणि पत्त्याकडे परतावे. फायरवॉल एकच असते असेही नाही. अँटीव्हायरसबरोबर आलेली दुसरी भिंत पहिली बंद केल्यावरही उभी राहते.

भिंत ओलांडल्यावर ओळख पटवावी लागे. छोट्या ऑफिसातल्या संगणकांना पासवर्ड ठेवण्याची पद्धत नव्हती. एक्सपी प्रोफेशनलमध्ये कोऱ्या पासवर्डच्या खात्याने समोर बसून काम करता येते, नेटवर्कवरून मात्र आत जाता येत नाही. ‘पासवर्डच नाही तर विचारतोय कशाला’ हा प्रश्न याच नियमातून निघालेला. खात्याला पासवर्ड दिला की दार उघडे.

१ एप्रिल २००५ रोजी राज्यात व्हॅट लागू झाला आणि दुकान-गिरण्यांतल्या हिशेबाला संगणकाची निकड वाढली. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामचे डेटा फोल्डर एका संगणकावर ठेवून दुसऱ्यावरून उघडणे, हे थेट तारेचे सर्वात मोठे काम ठरले. इथे नेटवर्कचा नसलेला बिघाडही नेटवर्कच्या खात्यावर जमा होई. एकाच वापरकर्त्याचा परवाना असेल तर दुसऱ्या संगणकावर टॅली शैक्षणिक अवस्थेत उघडते आणि महिन्यातल्या ठराविकच तारखांच्या नोंदी घेते. तार बदलून हा दोष जात नाही. त्या वर्षांतल्या भारनियमनाने आणखी भर घातली. डेटा असलेला संगणक यूपीएसवर आणि दुसरा थेट विजेवर असेल तर फार तर चालू नोंद जाई. उलट असेल तर डेटाच बिघडे आणि ‘री-राइट’ करत बसावे लागे. त्यामुळे डेटा ज्या यंत्रावर, बॅटरी त्या यंत्राला, हा नियम मार्चअखेर जवळ आली की कटाक्षाने पाळला जाई.

जुना आणि नवा संगणक

२००९ च्या विंडोज ७ मध्ये नेटवर्कला घर, ऑफिस आणि सार्वजनिक अशा जागा होत्या. थेट तारेच्या जोडणीत गेटवे नसतो, म्हणून विंडोज तिला अनोळखी नेटवर्क मानते आणि सार्वजनिक जागेचे कडक नियम लावते. टेबलावर शेजारी ठेवलेले दोन संगणक रेल्वे स्टेशनवरच्या अनोळखी माणसांसारखे वागतात ते यामुळे.

पुढचे वळण २०१७ चे. मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर संगणक बंद पाडले. तो विंडोजच्या फाइल वाटपाच्या जुन्या पद्धतीतून, म्हणजे एसएमबी१ मधून पसरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी१ आपोआप बसणे थांबले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला होता, नवे बिलिंग नव्या यंत्रांवर जात होते आणि मागच्या वर्षांचा हिशेब जुन्या एक्सपीवर पडून होता. एक्सपीला फक्त एसएमबी१ येते. केबल उत्तम, पत्ते जुळलेले, पिंग चालू; तरी शेवटी ८००७००३५ असलेला एरर. एसएमबी१ पुन्हा चालू केले की काम होते. पण ते चालू ठेवणे म्हणजे वॉनाक्रायचे दार उघडे ठेवणे. हिशेब एकदा नव्या यंत्रावर उतरवून घेऊन ते लगेच बंद करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर एका संगणकाला यूएसबीने लावलेला प्रिंटर दुसऱ्यावरून चालेनासा झाला. ‘११बी’ने संपणारा तो एरर दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ झाला. २०२४ च्या विंडोज ११ च्या अपडेटपासून प्रो आवृत्तीत पाहुणा म्हणून, पासवर्डशिवाय, आत जाणे बंद झाले आणि दोन्ही बाजूंनी सही केलेली देवाणघेवाण सक्तीची झाली. प्रत्येक वेळी तार तीच होती. बदलला होता तो दोघांमधला विश्वासाचा करार.

विंडोज आणि बाकीचे

लिनक्स असलेल्या संगणकाशी विंडोज जोडताना मधला दुभाष्या बहुधा सांबा असतो; पूर्वी मॅकवरही तोच असे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पामुळे लिनक्सचा संगणक विंडोजच्या भाषेत फाइल वाटू लागला. २००२ च्या मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये विंडोजशी वाटपाची सोय आली. इथल्या अडचणी नावाच्या असतात. लिनक्सला मोठी आणि लहान रोमन अक्षरे वेगळी, विंडोजला एकच. सांबाचा पासवर्डही लिनक्सच्या खात्याच्या पासवर्डापासून वेगळा ठेवावा लागतो.

मराठी मजकुराची अडचण तारेच्या पलीकडची. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर अक्षरशः जशीच्या तशी पोचते आणि उघडल्यावर रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. नक्कल बिघडलेली नसते, समोर तो फॉन्ट नसतो. युनिकोडमध्ये देवनागरीत नाव दिलेली फाइल विंडोज ९८ च्या यंत्रावरून पाहिली तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येत आणि ती उघडत नसे. उपाय एकच, फाइलचे नाव पाठवण्यापूर्वी रोमनमध्ये ठेवणे.

तपासणीचा क्रम

२००५ नंतर ब्रॉडबँडबरोबर चार पोर्टचा राउटर आला, मग पेनड्राइव्ह, वाय-फाय आणि मोबाइल. थेट तार रोजच्या वापरातून मागे पडली. शेकडो गिगाबाइटचे लग्नाचे चित्रीकरण एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायचे, जुना हिशेब नव्या यंत्रावर उतरवायचा किंवा राउटरच बंद पडलेला असेल, तेव्हा ती आजही सर्वात जलद आणि खात्रीची असते.

साडेतीन दशकांत बिघाडाची जागा खालून वर सरकली : आधी पिना आणि अर्थिंग, मग कार्ड, मग भाषा आणि पत्ता, मग भिंत, शेवटी ओळख आणि परवानगी. खालच्या पायऱ्या मात्र नाहीशा झाल्या नाहीत. म्हणून तपासणीचा क्रम सिरीयल तारेच्या दिवसांत होता तोच राहिला आहे, खालून वर. दोन्ही पोर्टचे दिवे पाहावेत. दोन्ही पत्ते आणि मास्क वाचावेत. पिंग करावे, उत्तर नसेल तर एआरपीची यादी पाहावी. फायरवॉल आणि नेटवर्कची जागा तपासावी. नाव चालत नसेल तर पत्ता टाकून उघडून पाहावे. शेवटी खाते, पासवर्ड आणि फोल्डरची परवानगी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर जोडणी कशामुळे जुळली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच वेळ जातो.

जोडणी एकदा जुळली की दोन्ही संगणकांची नावे, पत्ते आणि वाटलेल्या फोल्डरचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या बाजूला चिकटवावी. पासवर्ड तेवढा वहीत ठेवावा.